अ‍ॅक्टिव्ह पिकअप खरंच वेगळे वाजतात की नुसती जाहिरात? शनिवारच्या आत सांगा

सहावी_तार
इलेक्ट्रिक गिटारला भयंकर हम (घूं असा गुणगुणाट) येतोय, गेन (सिग्नलची वाढ) वाढवला की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं. एक जण फिशमन कंपनीच्या फ्लूएन्स या बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, पिकअपचा वापरलेला हमबकर (दोन कॉइलवाला, हम कमी करणारा) सेट देतोय, शनिवारपर्यंतच थांबणार म्हणाला. आमचा मेकॅनिक म्हणतो डोळे मिटून घे, पण मला पटतच नाहीये. १९३०च्या दशकापासून पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि हे फिशमनवाले म्हणतात आम्ही तार गुंडाळतच नाही, छापील सर्किटचे थर आहेत, वर एकाच पिकअपमध्ये दोन दोन आवाज, नॉब ओढला की बदलतो. मला वाटतं बॅटरीवरचा प्रीअँप सिग्नल फुगवतो आणि मोठ्या आवाजालाच लोक चांगला टोन समजतात. घेऊ की नको एवढंच सांगा.

काळी_पाच
गिटार कुठली? सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) की हमबकर? अँप कुठला? तारांना हात लावला की हम कमी होतो का? यातलं काहीच न सांगता घेऊ की नको कसं सांगायचं.

सहावी_तार
नेहमीचीच हो, स्ट्रॅट टाइप, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी. अँप नाही, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) लावून लॅपटॉपवर वाजवतो. हात लावला की कमी होतो. पण माझा प्रश्न पिकअपचा आहे, हमचा नाही.

जुना_रॉकर
फ्लूएन्स राहू द्या, सरळ ईएमजीचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप घ्या. १९७६ पासूनची कंपनी आहे, ब्रिजला त्यांचं ८१ मॉडेल आणि नेकला ८५, विषय संपला. मेटॅलिकाचे हेटफील्ड आणि हॅमेट, गिटारिस्ट झॅक वाइल्ड सगळे ईएमजीवरच वाजवत आले, आणि पिंक फ्लॉइडच्या गिलमोरच्या लाल स्ट्रॅटवर पण ईएमजीच होते. बॅटरी महिनोन् महिने बदलावी लागत नाही.

काळी_पाच
गिलमोरच्या स्ट्रॅटवर ईएमजीचे एसए मॉडेल होते, सिंगल कॉइलच्या मापाचे. ८१चा आणि त्यांचा काय संबंध? धागाकर्त्याला मेटल वाजवायचंय की ब्लूज हेसुद्धा अजून कळलेलं नाही. आणि स्ट्रॅट असेल तर हमबकरचा सेट बसणार कुठे?

सहावी_तार
ब्रिजला हमबकर आहे, बाकी दोन सिंगल. मेकॅनिक म्हणाला फक्त ब्रिजचा बदलू, बाकी सगळं तसंच ठेवू, पॉटसुद्धा (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) जुनेच. मेटल आणि थोडं क्लीन.

ट्रान्झिस्टर
हे आधी सांगायला हवं होतं. अ‍ॅक्टिव्हला २५ किलोओहमचे पॉट लागतात, तुमच्याकडे २५० किंवा ५०० किलोचे असणार. तेच ठेवले तर व्हॉल्यूम नॉब नीट चालत नाही, आवाज हळूहळू कमी व्हायच्या ऐवजी एकदम पडतो. आणि २५ किलोचे टाकले तर तुमचे दोन सिंगल कॉइल ब्लँकेटखाली गेल्यासारखे वाजतील. वर ९ व्होल्टची बॅटरी बसवायला जागा हवी, जॅक स्टीरिओ हवा, नाहीतर केबल काढली तरी बॅटरी चालूच राहते. मेकॅनिकला हे विचारा.

आता तुमच्या शंकेबद्दल. वेढे आहेतच. तार गुंडाळण्याऐवजी पातळ बोर्डांवर तांब्याच्या रेघा छापून थर एकमेकांना जोडलेत, चुंबकही आहे, म्हणजे फॅरेडेचा १८३१चाच नियम. फरक पुढे आहे. साध्या हमबकरचं इंडक्टन्स (वेढ्यांचा प्रवाहातल्या बदलाला विरोध) धरा ४ हेन्री, त्याला केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळते, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड. सहासात मीटरची केबल लावली की ३ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो आणि त्याच्यापुढे ट्रेबल घसरतो. आपण ज्याला पिकअपचा टोन म्हणतो त्यातला मोठा भाग हाच. अ‍ॅक्टिव्हमध्ये हा उंचवटा आतला फिल्टर बनवतो, म्हणून केबल कितीही लांब असली तरी आवाज तोच. दोन आवाज म्हणजे दोन फिल्टर. ही थाप नाहीये.

काळी_पाच
मग फिल्टरच हवाय तर ईक्यू पेडल (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारं पेडल) काय वाईट? पिकअप बदलायची गरज काय?

ट्रान्झिस्टर
वरची ट्रेबल केबलमध्येच गेली की ईक्यूने ओढून काढताना खरखर पण वर येते. आधी सपाट सिग्नल घ्यायचा आणि मग आकार द्यायचा, हा क्रम महत्त्वाचा.

जुना_रॉकर
पण लॅपटॉपवर वाजवणाऱ्याला टोनचं काय कळणार, आधी व्हॉल्व्हचा अँप घ्या.

काळी_पाच
कोथरूडच्या फ्लॅटमध्ये व्हॉल्व्ह अँप फुल्ल करून दाखवा एकदा, सोसायटीची नोटीस येईल. प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता तुम्ही.

वाकडा_ताल
माझ्या मुलीच्या अ‍ॅकॉस्टिक गिटारला ब्रिजखाली पिझो (चुंबकाऐवजी दाबावर चालणारा पिकअप) बसवून घेतला, छान चालतोय, फक्त सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) थोडं तासावं लागलं.

रात्रपाळी
अवांतर: ९ व्होल्टच्या बॅटऱ्या चांगल्या कुठे मिळतात? दुकानातल्या बऱ्याच आधीच अर्ध्या उतरलेल्या असतात. आईच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला लागतात.

ट्रान्झिस्टर
@रात्रपाळी अल्कलाइनच घ्या आणि घेतानाच मीटर लावून बघा, नवीन असेल तर ९ च्या वर दाखवते.
@सहावी_तार हात लावल्यावर हम कमी होतो ना? मग लॅपटॉपचा चार्जर काढा आणि फक्त बॅटरीवर वाजवून बघा. खोलीत एलईडी ट्यूब असेल तर ती पण बंद करा. प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवा, जुन्या इमारतीत पिन असते पण मागे वायरच नसते. आणि गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडा. सिंगल कॉइल तरीही थोडा गुणगुणणारच, पण खर्च सेटच्या मानाने काहीच नाही.

सहावी_तार
चार्जर काढल्यावर बराच कमी झाला. पण हाय गेनला अजून आहे, आणि मूळ प्रश्न राहिलाच. सारख्या आवाजाला ठेवून कोणी दोन्ही ऐकलेत का? यूट्यूबवर एक हळू एक मोठा, त्यावरून काहीच कळत नाही.

ट्रान्झिस्टर
बरोबर बोललात, त्या व्हिडिओंचा काही उपयोग नाही. माझ्याकडे फ्लूएन्सवाली एक गिटार आहे, रविवारी तुमची घेऊन या, लेव्हल मीटरवर सारखी करून दोन्ही वाजवू.

सहावी_तार
रविवारी येतो पण तो शनिवारीच देणार म्हणतोय.

काळी_पाच
मग त्याला सांगा सोमवारपर्यंत थांब, नाहीतर दुसऱ्याला दे. आणि सेटबरोबर २५ किलोचे पॉट आणि जॅक देतोय का ते आजच विचारून घ्या.