आईला श्रीपादवर न्यायचंय

प्रेषक: न्यू जर्सीची सभासद, सध्या मुक्काम पार्ले

नमस्कार मंडळी,

सुट्टीला पार्ल्यात आईकडे आले आहे, फेब्रुवारीअखेरपर्यंत इथेच. आईच्या मनात श्रीलंकेतला श्रीपाद डोंगर कितीतरी वर्षं आहे. बाबा असताना दोघांचं जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. "शंकराचं पाऊल आहे तिथे" एवढंच ती म्हणते आणि गप्प होते. वय ६८, बीपीची गोळी चालू, उजवा गुडघा दुखरा. डॉक्टरांनी नको म्हटलेलं नाही, पण "सावकाश" हा शब्द तीनदा उच्चारला. मुंबईहून कोलंबो विमानाने जेमतेम अडीच तास, तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही असं वाटतंय. आपल्यापैकी कुणी वयस्कर माणसाला घेऊन तो डोंगर चढलंय का? खरं काय ते सांगा.

---

प्रेषक: दादर (एकोणीस वर्षं तुमच्यातच होते, आता घरी परतले)

अगं, ने तिला. फक्त सूर्योदयाचा हट्ट सोडून ने.

माझी आई ७१ वर्षांची असताना मी तिला घेऊन गेले होते, फेब्रुवारीतच. जो तो सांगतो की रात्री दोनला निघा, उजाडायच्या आत वर पोचा, सूर्य वर आला की डोंगराची त्रिकोणी सावली पलीकडच्या दऱ्यांवर पडते ती बघा. सावली खरंच पडते. पण तेवढ्यासाठी सगळी माणसं एकाच वेळी शेवटच्या पायऱ्यांवर येतात. तिथे चढ उभा, जागा अरुंद, थांबावं म्हटलं तर मागचे खोळंबतात. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याच्या वेगाने चढावं लागतं आणि गुडघा तिथेच दगा देतो. पौर्णिमा, म्हणजे त्यांचा पोया, आणि शनिवार-रविवार तर टाळाच.

आम्ही कोलंबोहून आगगाडीने हॅटनला आणि तिथून चहाच्या मळ्यांतून गाडीने पायथ्याच्या नल्लतण्णियाला गेलो. त्या दिवशी काहीही केलं नाही, नुसतं झोपलो. पहाटे तीनला निघालो. पायऱ्या पाच हजारांच्या वर आहेत आणि डोंगराची उंची २,२४३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अंदाज आला असेल. पण हंगामात, डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत, वाटेवर रात्रभर दिवे असतात आणि चहाच्या टपऱ्या उघड्या असतात. आम्ही जवळजवळ प्रत्येक टपरीवर बसलो. आई दोन घोट चहा प्यायची, गुडघा चोळायची, उठायची. हंगाम संपला की दिवे नाहीत, टपऱ्या नाहीत, वर पाऊस आणि वारा. तेव्हा आईला घेऊन अजिबात जाऊ नकोस.

वाटेत सीता गंगुला नावाचा ओढा लागतो. भाविक तिथे हातपाय धुतात, काही जण त्या गार पाण्यात अंघोळही करतात. सीतेचं नाव ऐकल्यावर आई तिथून लवकर हलेना. पुढे एका ठिकाणी लोक पांढरा दोरा उलगडत चालत होते. बुद्धाने तिथे थांबून आपलं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, शिवलं अशी तिथली श्रद्धा, म्हणून सुई-दोरा वाहतात. आईला एकदम वटपौर्णिमा आठवली. तिने एका बाईच्या हातातल्या रिळाचं टोक धरलं आणि दोघी भाषेवाचून दहा-बारा पायऱ्या बरोबर चढल्या. तो दोरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

कपड्यांबद्दल सांगते, कारण आम्ही यावर घरी बराच खल केला. सिंहली यात्रेकरू बहुतेक पांढरे कपडे घालतात. आईला ते जमेना. बाबा धडधाकट घरी असताना मी पांढरं नेसून देवाला जाऊ का, म्हणाली. ती हिरव्या सुती साडीत गेली, वर माझं विंडचीटर. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एकमेकांना ओलांडताना लोक "करुणावई" म्हणतात. वारीत समोरचा "माउली" म्हणतो ना, तसं वाटतं ऐकताना.

आम्ही साडेनऊला वर पोचलो. सूर्योदयाची गर्दी केव्हाच उतरून गेली होती. मंदिर लहान आहे. पाऊल उघडं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, आम्हाला ते वस्त्राखालीच दिसलं. बौद्धांना ते बुद्धाचं, तमिळ हिंदूंना शिवाचं, म्हणून ते डोंगराला शिवनोळिपादम म्हणतात. मुसलमानांना ते आदमचं, काही ख्रिश्चनांना संत थॉमसचं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४४ साली हा डोंगर साखळ्या धरून चढला होता. डोंगराचा रक्षक देव सामन, पांढऱ्या हत्तीचा. हंगाम सुरू होताना त्याची मूर्ती पेलमडुल्लाहून मिरवणुकीने वर नेतात आणि हंगाम संपल्यावर खाली आणतात. खंडोबाची पालखी पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

जितक्यांदा चढलात तितके टोल घंटेचे द्यायचे, ही तिथली रीत. आईने एक दिला. तिच्या मागे एक सिंहली आजी होत्या, त्या वाजवतच राहिल्या. आम्ही अकरापर्यंत मोजले. आईने त्यांना वाकून नमस्कार केला.

आता काळजीचं. उतरणं चढण्यापेक्षा वाईट. गुडघ्याला पट्टा आणि हातात काठी दोन्ही हवं, आणि उतरल्यावर दोन दिवस तरी मोकळे ठेव. वर चपला काढाव्या लागतात, दगड बर्फासारखा गार असतो, म्हणून जाड मोजे ने. कानटोपीही. श्रीलंकेत शिरायची ऑनलाइन परवानगी तिकिटाच्या आधी काढ.

---

प्रेषक: मुलुंड

ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. एकच भर घालतो. रत्नपुराकडूनही वाट आहे, जुनी आणि सुंदर, पण लांब आणि जास्त खडी. मी तिने गेलो तेव्हा पन्नाशीत होतो आणि तरीही दम निघाला. आईंना तिकडून नेऊ नका.

आणि निघण्याआधी एक दिवस नालासोपाऱ्याला घेऊन जा. महावंशात, म्हणजे श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीत, लिहिलंय की लंकेचा पहिला राजा विजय तिकडे जाताना आधी सुप्पारकाला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला, उतरला होता. तिथला स्तूप पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. विरारची लोकल पकडून बघता येणाऱ्या जागेचा त्या बेटाशी इतका जुना धागा आहे, हे कळल्यावर मला तो परदेश वाटेनासा झाला. सोपाऱ्याहून पुढचंच स्टेशन विरार. तिथे जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघ्याची परीक्षा तिथेच घ्या, रोपवे सोडून.

---

प्रेषक: पार्ले

ताई, काका, मनापासून आभार. तुमच्या मेल मी आईला वाचून दाखवल्या. दोऱ्याचं ऐकताना तिने पदर डोळ्यांना लावला. काल सकाळी सोपारा आणि जीवदानी दोन्ही केलं. वर जायला तिला एक तास पन्नास मिनिटं लागली, पाच ठिकाणी बसली. रात्री गुडघा शेकला, आज सकाळी ती नेहमीसारखी भाजी आणायला खाली उतरली.

तिकिटं २ फेब्रुवारीची काढली, सोमवार. पौर्णिमा आदल्या दिवशी आहे. बाबांची काठी कपाटावर होती, तिला खाली नवं रबर बसवून आणलंय.