दशावताराच्या रात्री, दुखणारा अंगठा आणि एक्स-टी ३० साठी हाताची ग्रिप

खाडीकाठ (कुडाळ)

नमस्कार. गेले तीन हंगाम मी दशावताराचे, म्हणजे आमच्याकडे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे, फोटो काढते आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की नेरूर, वालावल, पाट, परुळे अशा स्कूटरच्या टप्प्यातल्या गावांना जाते. सकाळी शाळा गाठायची असते, तरी उजाडताना दहीकाला होऊन खेळ संपेपर्यंत पाय निघत नाही.

कॅमेरा फुजीफिल्म एक्स-टी ३०, त्यावर ५५-२०० लेन्स. कॅमेरा बॅटरीसकट ३८३ ग्रॅम, लेन्स ५८० ग्रॅम. म्हणजे हातात किलोला थोडं कमी, आणि त्यातलं जास्त वजन पुढे. कॅमेरा लहान आहे म्हणूनच मी तो घेतला, देवळाच्या सभामंडपात चटईवर बायकांच्या मध्ये बसून मोठं धूड काढायला मला संकोच वाटतो. पण उंची ८२.८ मिलिमीटर आहे. माझा हात लहान, तरी करंगळी खाली लोंबकळते. आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जाईपर्यंत काही वाटत नाही. संकासुर राक्षसाच्या वेळी हात भरून येतो. मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा, रंगात येतं, राजा बाकड्यावरून उठतो, पखवाज चढतो, आणि नेमका तेव्हा अंगठा बधिर झालेला असतो. गेल्या हंगामाच्या शेवटी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला इतकं दुखायला लागलं की फळ्यावर लिहिता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याने चिमटीसारखं धरून ठेवण्याचं काम कमी करा.

म्हणून ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची मूठ. आधी चिकटवायची एक रबरी ग्रिप ऑनलाइन मागवली होती. होळीनंतरच्या उकाड्यात ती एका जत्रेत हळूहळू खाली सरकली, आणि काढताना तिच्याबरोबर कॅमेऱ्याच्या कातड्याचा कोपराही सुटला. तो मी परत चिकटवला, पण त्या रात्रीनंतर विश्वास उरला नाही.

आता तीन वाटा दिसतात. एक, फुजीची स्वतःची एमएचजी-एक्सटी १०. दोन, बाहेरच्या कंपन्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा, काहींना लाकडी मूठ असते. तीन, सावंतवाडीत एखाद्या कारागिराकडून मूठ करून घेणं. एका रात्रीत दोन-तीन बॅटऱ्या लागतात, तेव्हा बॅटरीचं झाकण मोकळं राहायलाच हवं. लहान हाताला काय बसेल? आणि आमच्या हवेत काय टिकेल? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा.

कातळसडा (रत्नागिरी)

ताई, एमएचजी-एक्सटी १० मी एक्स-टी २० वर वापरली आहे. एक्स-टी १०, २० आणि ३० या तिन्हींना तीच बसते. ती न काढता बॅटरी आणि कार्ड दोन्ही बदलता येतात, आणि तळाला अर्का-स्विस खाच (ट्रायपॉडच्या पकडीत सरळ बसणारी) असल्यामुळे ट्रायपॉडवर वेगळी प्लेट लागत नाही. बाहेरच्या कंपनीची घेतलीत तर फोटोवर भुलू नका, तळाचा फोटो मागवा. झाकण पूर्ण नव्वद अंशांत उघडतं का ते बघा. अर्धवट उघडलं तर बॅटरी निघते, पण कार्ड नखाने ओढावं लागतं.

मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) चालणार नाही का? हातावरचा भारच जाईल.

खाडीकाठ (कुडाळ)

मोनोपॉड एकदा नेला होता. माझ्या मागे एक आजी बसल्या होत्या, त्यांना दांडा आडवा येत होता. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्या सारख्या मान वाकडी करत होत्या. मी तो मिटून ठेवला. त्या बघायला आलेल्या, मीही बघायलाच आलेली.

दोनसुती (देवगड)

मी समुद्री गरुडाचे फोटो काढतो, सुरूच्या झाडाखाली तासन् तास उभा असतो, तेव्हा या दुखण्याशी माझी ओळख जुनी आहे. ग्रिप निवडण्याआधी एक बघा: वजन कोण उचलतंय? ५५-२०० ला कॉलर (लेन्स स्टँडला जोडायचं कडं) नाही, तेव्हा डावा तळवा लेन्सच्या खाली आणि कोपर बरगडीला, असं असायला हवं. उजव्या हाताचं काम फक्त दिशा आणि बटण. अंगठा दुखतो कारण कॅमेऱ्याची पुढची बाजू उथळ आहे, बोटांना वळसा घालायला जागा मिळत नाही, मग अंगठा मागून दाबत राहतो. पुढे उंचवटा आला की मधली दोन बोटं कॅमेरा ओढून धरतात आणि अंगठा सुटतो. खालून प्लेट आली की करंगळीला बसायला जागा मिळते. पण उंचवटा फार मोठा झाला तर लहान हाताची तर्जनी शटरपर्यंत पोचतच नाही, आणि मग दुखणं फक्त जागा बदलतं. बाजारातल्या बऱ्याच मुठी मोठ्या पंजाला धरून केलेल्या असतात.

फ्लॅश लावत नसाल तर वरच्या हॉट-शूमध्ये (फ्लॅशच्या खाचेत) बसणारी अंगठ्याची टेकण मिळते, तीही बघा. दशावतारात फ्लॅश मारू नयेच, रंगवलेल्या डोळ्यांवर तो झोत नको.

मूठ करून घ्यायची तर आधी मातीत करा. आता जून आहे, तुमच्याकडे गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, उघडल्या असतील. मूठभर शाडू मागून घ्या. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळा, पुढे शाडूचा गोळा लावा, लेन्स चढवा आणि नेहमीसारखं धरून डोळ्याला लावा. जत्रेत बसता तसंच बसून, पाच-दहा मिनिटं. बोटांना जिथं जागा हवी तिथं माती आपोआप दबते. माप ओल्या मातीवरच घ्या, शाडू वाळला की आकसतो. एम-सील मात्र थेट कॅमेऱ्यावर लावायचा विचारही करू नका, ते परत निघत नाही.

चिकटवलेली ग्रिप का सरकली, तेही सांगतो. चांगल्या दुहेरी टेपलासुद्धा पूर्ण पकड घ्यायला सुमारे ७२ तास लागतात, आणि जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली हवी. आपण लावतो आणि त्याच रात्री निघतो. शिवाय टेप कितीही घट्ट असली तरी तिच्याखालचं कातडं त्याहून कच्च्या गोंदाने बसवलेलं असतं. वजन कातड्यावर टांगायचं नाही, तळाच्या स्क्रूवर टांगायचं.

स्क्रूबद्दल नीट ऐका, इथं कॅमेरे बिघडतात. तळाचं छिद्र पाव इंची, म्हणजे आपल्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सुती, इंचाला वीस आटे. दुकानदार सहा एमएमचा बोल्ट काढून देईल, दिसायला सारखाच. त्याचे आटे एक मिलिमीटरवर, कॅमेऱ्याचे १.२७ वर. दोन फेरे जाईल, मग अडेल, आणि जोर लावलात की आटे गेले. जुन्या पद्धतीचा दोन सुती बोल्टही वीस आट्यांचाच असतो, पण आट्याचा कोन ५५ अंश, कॅमेऱ्याचा ६०. तो जातो, तरी मी लावणार नाही. कॅमेऱ्यासाठीचाच स्क्रू मागवा. प्लेटच्या वर तो चार-साडेचार मिलिमीटरच यायला हवा, जास्त आला तर छिद्राच्या तळाला रुततो.

आणि खारी हवा. ३१६ जातीचं स्टेनलेस मिळालं तर तेच घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला ते ३०४ पेक्षा चांगलं तोंड देतं. अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटीत स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारट ओल, असं जमलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी सोडून झिजायला लागतं. माझी पहिली प्लेट अशीच जाम झाली, शेवटी करवतीने कापून काढावी लागली. आता महिन्यातून एकदा स्क्रू सोडतो, ओल्या फडक्याने पुसतो, कोरडा करतो, आट्याला ग्रीसचा नुसता हात लावतो.

शिवणकाठी (सावंतवाडी)

आमच्या घरात लाकडाचं काम आहे म्हणून लिहितो. सावंतवाडीची खेळणी बघून लोक तसल्याच लाकडाची मूठ मागतात. खेळण्यांना पांगारा चालत आला कारण तो हलका आणि मऊ, कापायला सोपा, रंग छान धरतो. मुठीला तो दबेल, आणि नखाचे व्रण पडतील. शिवण घ्या. हलकी असते, आणि पावसाळ्यात फुगणं-वाकणं कमी. साग चालेल, थोडा जड. फणस दिसायला देखणा, पण पूर्ण मुरलेला मिळायला हवा.

लाखेची चकाकी मागू नका. लाख चढते ती फिरत्या कातावर (लेथवर), गोल वस्तूवर. तुमची मूठ गोल नाही. आणि घामेजल्या हाताला चकचकीत पृष्ठभाग निसटता लागतो. बारीक पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. तेल सुकताना आतल्या आत तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो.

कोणी काजूच्या टरफलाचं तेल लावायला सांगेल, होड्यांना लावतात म्हणून. होडीला ठीक. हातात धरायच्या वस्तूला बिलकूल नको, त्याने कातडी भाजते.

लाकडात थेट आटे पाडू नका, दोन हंगामांत ढिले होतील. पितळी बुश (आतून आटे असलेली छोटी नळी) बसवून त्यात स्क्रू घ्या.

खाडीकाठ (कुडाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

जुलैत एका गणपतीच्या शाळेत गेले. मूर्तिकार काकांच्या पुढे तीस-चाळीस मूर्ती ओल्या होत्या. मी कॅमेरा पुढे केला तर म्हणाले, "आधी हात दाखव गो, कॅमेरो मगे बघूया." माझी बोटं उघडून मिटून बघितली, अंगठा कुठे दुखतो ते दाबून बघितलं, आणि मग मातीचा गोळा माझ्या अंदाजाच्या निम्म्याने घेतला. मी मांडी घालून बसले आणि डोळ्याला कॅमेरा लावला. शाळेतली मुलं कामं सोडून बघत होती.

माती बाजूला केल्यावर जे दिसलं ते मी कधीच सांगू शकले नसते. मला खोल मूठ नको होती. मधल्या बोटाखाली माती सर्वांत जास्त दबली होती, शटरच्या बाजूला जवळजवळ हललीच नव्हती, आणि करंगळी सरळ नाही, तिरकी खाली गेली होती. काकांनी करंगळीच्या जागी अंगठ्याने एक छोटा ओठ काढून दिला, पणतीला असतो तसा. ओल्या मातीवर तीन ठिकाणी पुठ्ठे कापून आकार उतरवून घेतले. सर्वांत जाड जागा १३ मिलिमीटर भरली.

रत्नागिरीच्या दादांच्या सांगण्यावरून कंपनीची ग्रिप एका ओळखीच्यांकडून हातात घेऊन बघितली. घडण उत्तम आहे, पण माझी तर्जनी बटणावर ताणली जात होती. मोठ्या हाताच्या कोणी विचारलं तर मी तीच सांगेन. मी झाकण मोकळं ठेवणारी नुसती सपाट प्लेट घेतली, आणि पुठ्ठे घेऊन सावंतवाडीला गेले. शिवणीची मूठ, आत पितळी बुश, वर तेलाचे चार हात. पहिली मूठ पुढच्या कडेला जरा टोकदार झाली होती, कारागीर दादांनी माझ्यासमोर कानस मारून ती उतरवली, दर खेपेला माझ्या हातात देऊन. तासभर तरी गेला असेल. पैसे घेताना ते संकोचत होते, मी आग्रहाने दिले.

कातड्याला काहीच चिकटवलेलं नाही. सगळा भार तळाच्या स्क्रूवर आहे. लाकूड कॅमेऱ्याला टेकतं तिथं सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा ठेवला आहे, त्याने ओरखडाही पडत नाही आणि मूठ फिरतही नाही.

परवा हंगामातली पहिली जत्रा झाली. रात्री साडेअकराला बसले, उजाडताना उठले. डावा तळवा लेन्सखाली ठेवायची सवय अजून मुद्दाम आठवून करावी लागते. अंगठा दुखला नाही असं म्हणणार नाही, पहाटे थोडी कळ होती. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. संकासुर आत गेला आणि राजा यायच्या आधी पेटीवाल्याने सूर धरला, तेवढ्या वेळात प्लेट न सोडता बॅटरी बदलून झाली होती.

पुठ्ठ्याच्या तिन्ही आकारांचे फोटो उद्या टाकते, शेजारी मोजपट्टी ठेवून. लहान हाताच्या कोणाला हवे असतील तर वापरा, पण आधी मातीत बघा.

दोनसुती (देवगड)

ताई, फोटो नक्की टाका. आणि पितळी बुश लाकडात बसवताना काय गोंद वापरला ते सावंतवाडीच्या दादांना विचारून कळवा. माझी मूठ सागाची आहे, आणि बुश हलायला लागला आहे.

शिवणकाठी (सावंतवाडी)

एपॉक्सी, दोन भागांचा, चोवीस तासांत धरणारा. पाच मिनिटांत धरणारा घेऊ नका, दमट हवेत तो लवकर सुटतो. आणि बसवण्याआधी बुशची बाहेरची बाजू कानशीने खरबरीत करून घ्या.