वारली पुरे! भिंतीवर आपलं काढा, नाहीतर पांढरी ठेवा

कळण्याची भाकर
गेल्या महिन्यात कामामुळे नंदुरबार ते भुसावळ चार फेऱ्या झाल्या. शाळेचं कंपाउंड, पुलाचा कठडा, दवाखान्याची मागची भिंत, जिथे बघावं तिथे गेरूवर पांढरी वारली. त्रिकोणी माणसं, गोल नाच, मधे तारपा वाजवणारा आणि खाली ‘ओला कचरा, सुका कचरा’. वारलीशी माझं भांडण नाही. पण ती डहाणू-तलासरीकडची. आपल्या खानदेशात आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके आहेत, कानबाईच्या सणाचे रोट आहेत, सातपुड्यातल्या काठी गावची होळी आहे, केळीचे घड लादलेले ट्रक आहेत. चाळीसगावात केकी मूससारखा माणूस स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्यभर चित्रं आणि फोटो करत बसला होता. आणि आपल्या भिंतीवर काय, तर पालघर जिल्हा.

हे आत्ताच का सुचलं ते सांगतो. आमच्या कॉलनीतल्या पोरांनी (गावाचं नाव मुद्दाम देत नाही) दोन रविवार खपून एका सार्वजनिक भिंतीवर आखाजी काढली होती. निंबाला झोके, गौराई, माहेरी आलेल्या पोरी. एका पोरीचा पाय दुसरीपेक्षा लांब झाला होता, पण चित्र आमचं होतं. मग स्वच्छतेचं पथक येणार अशी हवा झाली. सकाळी सातला कंत्राटदाराची माणसं आली, आखाजीवर पांढरा मारला आणि दुपारपर्यंत त्यावर वारली काढून मोकळी झाली. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो, एक तर इथलं काढा, नाहीतर भिंत पांढरी सोडा. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

देवपूरचा पेंटर
भाऊ, शिव्या द्यायच्या तर आम्हालाच द्या, कारण ती वारली आम्हीच काढतो. पण का काढतो तेही ऐका. फ्लेक्स आला तेव्हा बोर्ड रंगवणारे निम्मे पेंटर रिक्षावर गेले. जे उरले ते निवडणुकीच्या भिंती आणि असल्या कामांवर जगतात. भाव स्क्वेअर फुटावर. झोका घेणारी पोरगी काढायला मला दीड दिवस लागतो, तेवढ्यात तीस वारली माणसं होतात. दोन रंग, एक हात, आणि साहेबाला मोबाईलवर दाखवून ‘असं पाहिजे’ म्हणता येतं. आखाजीचा नमुना कुठे आहे मोबाईलवर?

दुसरं म्हणजे ऊन. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, आणि पश्चिमेकडची भिंत असेल तर विचारूच नका. भडक लाल, पिवळा, गुलाबी दोन उन्हाळ्यांत विटतात. गेरू म्हणजे मातीच. तो उडत नाही, पांढरा उडत नाही. वारली टिकते ती त्यामुळे.

बोगद्याजवळ राहते
मला एकच सांगायचंय. आमच्या रस्त्याला एक भिंत होती, तिच्या आडोशाला दिवसाढवळ्या पुरुष उभे राहायचे. क्लासहून येणाऱ्या पोरी नाकाला ओढणी लावून रस्ता ओलांडायच्या. आधी कोणीतरी देवांच्या टाइल्स बसवल्या. तर हे लोक टाइल सोडून दोन फूट बाजूला उभे राहायला लागले, एवढी श्रद्धा! मग तिथे मोठं चित्र झालं, समोर एक दिवा लागला, आता कोणी उभं राहत नाही. आता वास येत नाही, त्यामुळे चित्र वारली आहे की चिनी, मला फरक पडत नाही.

कळण्याची भाकर
ताई, काम चित्राने केलं की दिव्याने?

बोगद्याजवळ राहते
दोन्हींनी. पण दिव्यासाठी आम्ही तीन वर्षं अर्ज देत होतो. चित्राचं उद्घाटन ठरलं तसा तो आठवड्यात लागला. काय समजायचं ते समजा.

पांझराकाठचा नाना
भाऊ, चित्र बित्र बठं भारी शे. पन आमनी गल्लीमा गटार तुंबेल शे, नळले पानी आठ आठ दिन येत नही, आनि तुमनी चर्चा काय, तं भीतवर वारली जोयजे का आखाजी! घरमा नही दाना नि माले बाजीराव म्हना. पहिले गटार काढा.

अजिंठा रोड
नानांना उत्तर नंतर, आधी धागाकर्त्याला. ‘बाहेरचं नको’ हा मुद्दा मला अजिबात पटलेला नाही. तुम्ही जळगावातून फर्दापूरकडे जाता तेव्हा काय बघायला जाता? अजिंठ्याच्या लेण्यांत जो निळा आहे तो लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानच्या बाजूने आला. इथले लाल, पिवळे, हिरवे इथल्या मातीचे आणि दगडांचे, निळा परका. तेव्हा कोणी ‘पांढरा सोडा’ म्हटलं असतं तर?

आणि वारली तरी कुठे एका जागी राहिली? ती लग्नाच्या वेळी सवाष्णींनी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची होती. जिव्या सोमा म्हसे यांनी ती सत्तरच्या दशकात कागदावर आणली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि चित्र जगभर गेलं. चित्रं फिरतातच. तुमच्या पोरांची आखाजी पुसली हा अन्याय आहे, शंभर टक्के. पण तो वारलीने केलेला नाही. हुकूम देणाऱ्यावरचा राग तुम्ही त्रिकोणी माणसांवर काढताय.

कळण्याची भाकर
लाजवर्दचा मुद्दा घेतला. पण तिथल्या चित्रकाराने निळा निवडला होता. आमच्यावर वारली टाकली गेली. आणि जी चित्रं फिरतात ती माणसांसोबत फिरतात. ही मोबाईलवरून उतरवलेली आहे. वारली समाजातला एक तरी माणूस या कामावर होता का?

बाररूम
वकिली करतो म्हणून दोन गोष्टी. परवानगीशिवाय भिंत रंगवली असेल तर आधी जपून बोला, मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५चा कायदा आपल्याकडे आहे आणि त्याला चित्र सुंदर आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं, सरकारनेच करून घेतलेलं. १९७९ला ते न विचारता उतरवून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले. सेहगल कोर्टात गेले. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली कलाकृती सरकारची झाली तरी कलाकाराचा नैतिक हक्क संपत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ला सांगितलं. शिल्प परत द्या आणि ५ लाख भरपाई द्या. म्हणजे कायदा पोरांच्या बाजूने वळवता येईल. फक्त १९७९ आणि २००५ यांच्यातलं अंतर मोजा. तोवर झोक्यावरच्या पोरी आजी झालेल्या असतील.

धडगावकर
सगळं वाचलं. वर काठीच्या होळीचं नाव आलं, म्हणून लिहितो. मी पावरा आदिवासी आहे, आता नोकरीसाठी शहरात.

‘वारली काढू नका, पावरा काढा’ हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. होळीत अंगावर ठिपके, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप हे तुम्हाला चित्र दिसतं. आमच्याकडे तो नवस असतो. जो ते अंगावर घेतो त्याला तेवढे दिवस पाळणूक असते, काय खायचं, कुठे झोपायचं, सगळ्याची. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर, अलीराजपूरकडे पिठोरा असतो, घोड्यांचं चित्र. तो घरातल्या भिंतीवर, नवस फेडायला. लखारा म्हणजे चित्रकार काढतो आणि बडवा म्हणजे भगत बघून सांगतो की घोडे बरोबर आलेत की नाही. नुसतं चित्र म्हणून तो काढला जात नाही. आता तो घोडा उचलून बसस्टँडच्या भिंतीवर न्यायचा, जिथे लोक गुटखा थुंकतात? वारलीचं तेच झालंय. तुम्हाला ती कंटाळवाणी झाली म्हणून आता आमचा नंबर लावू नका.

एकदा एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर आमची होळी काढली होती. मोरपिसाचा टोप घातलेला माणूस, आणि हातात त्याच्या झाडू. संदेश स्वच्छतेचा! मी पाच मिनिटं उभा राहून हसलो आणि मग हसू थांबलं.

मी ‘काढूच नका’ असं म्हणत नाही. आमच्या पोरांना बोलवा, पैसे द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. कदाचित ते होळी काढणारच नाहीत. कदाचित एसटीची वाट बघणारी माणसं काढतील.

देवपूरचा पेंटर
झाडूवाला मी काढलेला नाही, आधीच सांगतो.

बहिणाबाई नगर
शब्दांचं पण असंच. आमच्याकडे एका भिंतीवर बहिणाबाईंची कविता लिहून घेतली. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, घरच्यांनी ऐकून टिपून ठेवलं म्हणून आपल्याला मिळाली. तर कोणा शिकलेल्या माणसाने पेंटरला बसवून ‘मानूस’चं ‘माणूस’ करून घेतलं. सगळी बोली धुऊन शुद्ध! मी रात्री जाऊन खडूने ‘न’ केला. पावसात गेला. पुन्हा करणार आहे.

बाररूम
हे मी वाचलं नाही.

कळण्याची भाकर
धडगावकर दादा, तुमच्या जागी बसून मी विचार केलाच नव्हता. शीर्षकातलं ‘आपलं’ म्हणताना काठीची होळी मी सहज खिशात घातली, ती माझी नाही. आखाजी माझी आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. पण पांढरी ठेवा यावर मी अजून ठाम आहे. जिथे विचारून, थांबून, माणूस बोलावून करायला वेळ नाही, तिथे नुसता चुना मारलेला परवडला.

बोगद्याजवळ राहते
पांढरी भिंत आमच्याकडे दोन दिवस पांढरी राहते. पुरुषांना विचारा.

देवपूरचा पेंटर
भाकरभाऊ, तुमची आखाजी पुन्हा काढायची असेल तर मी येतो, मजुरी पोरांकडून घेणार नाही, रंग तुम्ही आणा. पण मागच्या वेळची चूक करू नका. फोटो पाहिला मी. गिलाव्यावर थेट डिस्टेंपर मारलंय, ना घासणं, ना प्राइमर. कंत्राटदाराने पुसली नसती तरी एका पावसाळ्यात पोपडे निघाले असते. अजिंठ्यात आधी माती, तूस, गवताचे धागे असा लेप, मग त्यावर चुन्याचा हात, तो वाळल्यावर चित्र. निम्मं काम भिंतीचं होतं.

आणि तुमच्या भिंतीला खालून दोन फूट खार चढलाय, फोटोत पांढरी बुरशीसारखी दिसते ती. अशी ओल पावसाची नसते. पलीकडच्या बाजूला काय आहे?

कळण्याची भाकर
पलीकडे गटार. तुंबलेलं.

देवपूरचा पेंटर
मग आधी ते काढून घ्या, भिंत एक उन्हाळा सुकू द्या, आखाजी झाल्यावर या माझ्याकडे. त्याआधी ब्रश लावला तर पैसे पाण्यात.

पांझराकाठचा नाना
मंग मी सकायपाईन काय सांगी ऱ्हायनू?