प्रतिसाद : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जास्त झालंय तर

दादा, सकाळी थंड गाडीची डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) बघून तुम्ही अर्धा लिटर तेल ओतलं आणि आता परभणीला जाऊन आल्यावर ते पट्टीवरच्या 'हॉट'च्या (तापलेल्या तेलाच्या) रेघेच्याही वर चढलेलं दिसतंय. दिसणारच, हे तेल तापलं की फुगतं. त्यात आपल्याकडचा मे महिना!

वर कुणी लिहिलंय, 'जरा जास्त असलेलं बरं.' मला नाही पटत. जास्त तेल आतले फिरते भाग ताकासारखं घुसळतात, फेस होतो, तेलाचं प्रेशर कमी होतं आणि गिअर घसरायला लागतो.

पुन्हा बघताना गाडी चांगली फिरवून आणा, सपाट जागी लावा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवा, 'पी'त (पार्किंगमध्ये) आणा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढा. पुसायला गोधडीची चिंधी नको, धागे आत जातात. (जुन्या होंडात मात्र इंजिन बंद करून मिनीट-दीड मिनिटात बघायचं असतं. मॅन्युअल बघाच.)

तरीही वर असेल तर डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप सोडून मोठ्या सिरिंजनं ओढा. शंभर-शंभर मिली काढायचं, परत मोजायचं.

आणि मुळात कमी का झालं होतं? गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी लाल थेंब दिसतात का बघा. तेल दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधून पाणी शिरतंय. मग गाडी चालवूच नका, टो करून न्या.