मदत हवी आहे: वेबपानावर मराठीऐवजी भलतंच काहीतरी दिसतंय

शेवंती, रात्री ९:१०
कालपासून नुसती वैतागलेय. पंधरा दिवस झाले एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, शिकतेय. सरावासाठी म्हणून आमच्या बचत गटाच्या पापड-कुरडयांचं साधं पान केलं. वर नाव, एक फोटो, खाली दरपत्रक. बाकी सगळं जमलं, मराठी अक्षरं तेवढी येत नाहीत. परवा गटाची बैठक आहे आणि पान दाखवते असं सांगून बसलेय. काय चुकतंय, लवकर सांगा कोणीतरी.

कोडवेडा, ९:२२
येत नाहीत म्हणजे नेमकं काय? चौकोन, प्रश्नचिन्हं, की इंग्रजीसारखं काही? तिन्हींची कारणं वेगळी असतात. लिहिता कशात, बघता कशात?

पिंपळपार, ९:२६
कोड न लिहिता पान करायचं वर्डप्रेस घ्या ताई. माझ्या क्लासचं पान मी एका दुपारी उभं केलं, एक ओळ कोड लिहिला नाही.

शेवंती, ९:३५
वर्डप्रेस नको, मला हे हाताने यायला हवंय. नोटपॅडमध्ये लिहिते, क्रोममध्ये बघते. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार टोकांचं वर्तुळ, मग कुठे पाऊण लिहितात तसं तीन छेद चार. पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. ओळच्या ओळ तशीच.

सह्यकडा, ९:४१
नोटपॅडचाच घोळ. फाइल एएनएसआय या अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत सेव्ह झाली असणार. कोड लिहायचं व्हीएस कोड घ्या, फुकट आहे.

कोडवेडा, ९:५०
नाही हो. एएनएसआयमध्ये गेली असती तर मराठीची प्रश्नचिन्हं झाली असती आणि मजकूर कायमचा गेला असता. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे मराठी चालते अशा पद्धतीत आहे, २०१९ पासूनचं नोटपॅड मुळात तसंच सेव्ह करतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्सचं. ब्राउझर प्रत्येक बाइट सुटा धरून तीन चिन्हं काढतोय. काना असेल तिथे तिसरं चिन्ह पाऊण येतं, ताईंनी अगदी बरोबर टिपलंय. आता सांगा, लॅपटॉपवरची फाइल उघडून बघताय की होस्टिंगवर, म्हणजे नेटवरच्या जागेवर, चढवून?

शेवंती, ९:५३
चढवून. लॅपटॉपवर नाव वगैरे नीट दिसतं. हे सांगायला हवं होतं का?

कोडवेडा, १०:०१
हो, त्यातच उत्तर आहे. आपल्याच डिस्कवरची फाइल उघडली की क्रोम आतला मजकूर बघून यूटीएफ-८ ओळखतो. नेटवरून आलेल्या पानाला मात्र कोणीतरी तसं सांगावं लागतं. कोडमधला वरचा हेड हा भाग सुरू झाल्या झाल्या, टायटलच्याही वर, मेटा टॅग, म्हणजे ब्राउझरला पानाची माहिती देणारी ओळ, टाका. त्यात चारसेट, मग बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात यूटीएफ-८. हे सगळं इंग्रजीत टाइप करायचं. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये असावी असा नियम आहे, म्हणून वरच ठेवा.

सह्यकडा, १०:०६
व्हीएस कोडमध्ये रिकाम्या एचटीएमएल फाइलीत उद्गारचिन्ह देऊन टॅब दाबलं की ही ओळ आपोआप येते. म्हणूनच म्हणत होतो.

कोडवेडा, १०:१०
आपोआप आली की ती कशासाठी आहे हे वर्षभर कळत नाही. पहिली दहा पानं हातानेच लिहावीत.

सह्यकडा, १०:१२
दहा पानं होईपर्यंत माणूस कंटाळून सोडून देतो. मी सोडलं होतं एकदा.

शेवंती, १०:२०
आलं! नाव आलं, गावाचं नाव आलं, फोटोखालची ओळपण आली! पण दरपत्रक अजून तसंच. तिथे ए-वर्तुळ नाही, इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस असलं काहीबाही. मेटा अजून कुठे टाकायचा का?

खिळेजुळारी, १०:३४
मेटाचा संबंध नाही. हे दरपत्रक आणलं कुठून? नोटपॅडमध्ये कसं दिसतं?

शेवंती, १०:३९
पत्रकं छापली त्या प्रेसकडून वर्डची फाइल आणली होती. नोटपॅडमध्येही असंच दिसतं, पण वर्डमध्ये बरोबर आहे. त्यांनी फॉन्टही दिला होता, तो टाकलाय.

खिळेजुळारी, १०:५२
मग तो मजकूर मराठी नाहीच. वीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवायचं काम, केलंय म्हणून सांगतो. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाइलीत इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला मराठी चेहरा देतो. चेहरा काढला की खालचं उघडं पडतं. असा मजकूर खऱ्या मराठीत बदलणारे ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, पण शब्द न् शब्द तपासा. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, तिथेच कन्व्हर्टर फसतात.

पिंपळपार, ११:०५
नाचणीचे पापड आहेत का? नाशिकला पाठवता का?

शेवंती, ११:४०
कन्व्हर्टर लावून पाहिला. पोह्याचे मिरगुंड नीट आले, पण कुर्डईचं "कुडर्ई" झालं. एकंदर सव्वीस ओळी आहेत, मीच टाइप करत बसलेय, चौदा झाल्या. खिळेजुळारी काका, कोडवेडा, मनापासून आभार. पिंपळपार, नाचणीचे आहेत, पाठवण्याचं गटात विचारून सांगते.

आणि एक. मोबाइलवर उघडलं तर सगळं पान मुंगीएवढं दिसतंय. तेही मेटानेच होतं का?

कोडवेडा, ११:४४
हो, व्ह्यूपोर्ट नावाचा. आधी ओळी पुऱ्या करा, सकाळी सांगतो.