संगणकावरचा खेळ कन्सोलसाठी ‘बेतणे’ : योग्य शब्द कोणता?

प्रश्न

‘मेकवॉरियर’ या संगणकीय खेळमालिकेवर मी एक मराठी लेख लिहीत आहे. डायनॅमिक्सने घडवलेला आणि ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला पहिला खेळ १९८९ साली आला, दुसरा १९९५ साली. आणि दोन्ही पुढे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर गेले. इंग्रजीत या क्रियेला सर्रास ‘पोर्ट’ म्हणतात. मराठीत तो शब्द तसाच ठेवला, तर वाचकाला आधी संगणकाच्या मागची वायर खुपसायची जागा आठवते. म्हणून मी मसुद्यात सगळीकडे ‘रूपांतर’ लिहिले. परंतु वाचताना ते प्रत्येक ठिकाणी बसत नाही, असे जाणवते. याखेरीज, या खेळांतल्या ‘मेक’ नावाच्या अजस्र यंत्राला ‘यंत्रमानव’ म्हणावे काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची किल्ली त्यात आहे. ‘यंत्रमानव’ म्हणू नये. हा शब्द ऐकला की माणसासारखे आपणहून वागणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. मेक आपणहून काही करत नाही. त्याच्या आत चालक बसलेला असतो आणि या खेळांच्या विश्वात त्याचे वजन वीस टनांपासून शंभर टनांपर्यंत असते. पहिल्या उल्लेखात ‘पायांवर चालणारा रणगाडा’ अशी ओळख करून द्यावी आणि पुढे ‘मेक’ हाच शब्द वापरावा.

हा रणगाडा आहे हे एकदा ध्यानात आले, की हा खेळ कन्सोलवर नेणे अवघड का होते हेही उमगते. पाय एका दिशेने चालत असतात आणि कमरेवरचा भाग दुसरीकडे वळवून नेम धरायचा असतो. वेग एकदा ठरवला की तो बदलेपर्यंत तसाच राहतो. प्रत्येक शस्त्र डागताना उष्णता वाढते आणि ती हाताबाहेर गेली की ऐन लढाईत यंत्र बंद पडते, म्हणून कोणती शस्त्रे एकत्र डागायची याचे गट आधीच लावून ठेवावे लागतात. कीबोर्डवर या प्रत्येक कामाला स्वतंत्र कळ देता येते. ‘मेकवॉरियर २’ १९९७ साली प्लेस्टेशन या कन्सोलवर आला, तेव्हा त्या कन्सोलच्या मूळ कंट्रोलरवर, म्हणजे हातात धरायच्या बटणफळीवर, दिशांच्या कळा सोडल्या तर अवघी दहा बटणे होती. मूळ खेळ आठ मेगाबाइट मेमरी मागत असे. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी दोन मेगाबाइट होती. इथे खेळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

या कामाला मला मराठीत एकच क्रियापद नेमके वाटते, ते म्हणजे ‘बेतणे’. शिंपी कापड बेततो तेव्हा कापड तेच राहते. माप मात्र अंगाचे असते, आणि काय ठेवायचे व काय कातरायचे हे त्या मापावरून ठरते. खेळ ओळखू येईल असा ठेवून त्याची कामे दहा बटणांच्या मापात बसवणे हे तसेच काम आहे.

‘रूपांतर’ हा शब्द आपण नाटकांच्या संदर्भात वापरतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ला आपण बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचे रूपांतर म्हणतो, कारण तिथे माणसे, गाव, बोली असे सगळे रूपच बदलले आहे. मेकच्या बाबतीत हा शब्द शोभेल असा खेळ १९९४ साली सेगाच्या जेनेसिस या कन्सोलवर आला. ‘बॅटलटेक’ हे त्याचे नाव. तोच पुढच्या वर्षी सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या कन्सोलवर ‘मेकवॉरियर ३०५०’ या नावाने आला. त्यात चालकाच्या जागेवरून दिसणारे दृश्य काढून टाकले आणि मैदान वरून तिरपे दाखवले. दोघांनी मिळून खेळताना एक खेळाडू मेकचे पाय चालवतो आणि दुसरा कमरेवरचा भाग व शस्त्रे सांभाळतो. एका माणसाला न पेलणारे काम दोघांत वाटून देण्याची ही युक्ती मला फार आवडते, पण त्या खेळाला ‘बेतलेला’ म्हणवत नाही.

कातरकाम किंवा रूपबदल दाखवायचा नसेल, तिथे साधा शब्द पुरे : २०१९ चा ‘मेकवॉरियर ५’ २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन या कन्सोलवर आला, त्याला नुसते ‘कन्सोल आवृत्ती’ म्हणावे.

दुसरा प्रतिसाद

आपले विवेचन पटले, तरी दोन अडचणी मांडाव्याशा वाटतात. ‘सत्यघटनेवर बेतलेला चित्रपट’ हा प्रयोग आता इतका रूढ आहे, की ‘कन्सोलवर बेतलेला खेळ’ असे लिहिल्यास कन्सोल हाच खेळाचा मूळ आधार होता, असा नेमका उलटा अर्थ निघेल. शिवाय ‘जिवावर बेतणे’ या वाक्प्रचारामुळे या क्रियापदाला अनिष्टाची छटा आहेच.

प्रतिसाद

पहिली अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर शब्दयोगी अव्ययात आहे. ‘वर’ लावले की वाचक आधार शोधतो. ‘साठी’ किंवा ‘च्या मापाने’ लावले की त्याला अंग दिसते. ‘कन्सोलसाठी बेतलेला’ या रचनेत घोटाळा उरत नाही. दुसरी छटा ‘जिवावर’ या शब्दासोबतच येते. ‘मापात बेतणे’ म्हणताना ती कोणालाही जाणवत नाही.

या निमित्ताने उलट दिशेचे एक उदाहरणही नोंदवतो. कॅपकॉम या जपानी कंपनीने २००२ साली एक्सबॉक्ससाठी ‘स्टील बटालियन’ काढला. त्याचे जपानी नाव ‘तेक्की’, म्हणजे लोखंडी घोडदळ. त्यासोबत सुमारे चाळीस बटणे, दोन दांडे आणि पायाखालची तीन पेडल असलेला स्वतंत्र कंट्रोलर मिळत असे. मेक नष्ट होण्यापूर्वी चालकाने बाहेर पडण्याचे बटण दाबले नाही, तर खेळाडूची साठवलेली प्रगतीच पुसली जाई. तिथे खेळाला कात्री लावली नाही, कन्सोलचेच माप वाढवले. त्यामुळे तिथे ‘बेतणे’ चालणार नाही. ‘खेळाजोगा कंट्रोलर घडवला’ असेच लिहावे लागेल.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मसुद्यातले वाक्य आता असे केले आहे : “१९९५ चा हा खेळ दोन वर्षांनी प्लेस्टेशनच्या मापाने बेतण्यात आला.” जेनेसिसच्या खेळापाशी ‘रूपांतर’ राहू दिले आहे. मथळ्यासाठी नाम हवे होते, म्हणून ‘आखणी’, ‘मांडणी’ यांच्या वळणावर ‘बेतणी’ लिहून पाहिले; पण केवळ ‘बेत’ एवढा भाग दिसताच वाचकाला जेवणाचा बेत आठवेल असे वाटले, तेव्हा मथळ्यातही क्रियापदच ठेवत आहे.