हरळीवर रायग्रास पेरायचंय, वसंतातलं सांगा

नमस्कार मंडळी. डॅलसजवळच्या आमच्या क्रिकेट मैदानावर बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच आहे. थंडी पडली की ती पिवळी पडते आणि सरावाने झिजलेली जागा वसंतापर्यंत भरून येत नाही. म्हणून यंदा वरून बारमाही रायग्रास, म्हणजे थंडीत हिरवं राहणारं गवत, पेरणार आहोत. मातीचं तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअसवर उतरलं की चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम बी, इतकं पक्कं.

खरी काळजी वसंताची. रायग्रास मेपर्यंत टिकून हरळीचं ऊन-पाणी खातं, आणि उन्हाळ्यात मैदान तर हरळीच्याच जिवावर! मार्चपासून अगदी खाली कापून पाणी कमी करावं, की फोरामसल्फ्युरॉन हे तणनाशक फवारून रायग्रास काढावं? फवारलं असेल तर कधी, आणि मधले टक्कल पडलेले आठवडे कसे निभावले? कृपया अनुभव सांगा.